मदत हवी आहे: घरी न सांगता बायबल वाचतोय, पुढे काय करू?

डुआयडीने (दुसऱ्या नावाच्या खात्यावरून) लिहितोय, समजून घ्या. वय २९, पुण्यात आयटीत, गाव नगर जिल्ह्यात. घर पक्कं वारकरी. आईच्या गळ्यात माळ, वडील सप्ताहाचा हिशोब बघतात.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामाने नागपूरला गेलो होतो, हॉटेलात टीव्हीचा रिमोट शोधताना ड्रॉवरमध्ये बायबलचा नवा करार सापडला. उगाच चाळायला घेतला आणि योहानाचं शुभवर्तमान पहाटेपर्यंत वाचत बसलो. त्यात विहिरीवर एक शोमरोनी बाई येते आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, ती म्हणते तुम्ही यहुदी, माझ्या हातचं कसं मागता? आमच्या गावात आजोबांच्या काळात कुणाच्या हातचं पाणी चालतं यावरून काय काय व्हायचं ते ऐकत मोठा झालोय, त्यामुळे तिथेच अडकलो ते अडकलोच.

तेव्हापासून मराठी बायबल मोबाईलवर वाचतो, ॲप 'बँक' नावाच्या फोल्डरमध्ये लपवलंय. रात्री रूममेट झोपला की प्रार्थना, म्हणजे मनातल्या मनात बोलणं, अजून नीट जमत नाही. कुणी काही दिलेलं नाही, बोलावलेलं नाही, हे आधीच सांगतो कारण पहिला प्रश्न तोच येतो.

आता प्रॉब्लेम. मागच्या महिन्यात गावी होतो, वडील माझ्या फोनवर सातबाऱ्याचा फोटो बघत होते आणि वर टुणकन नोटिफिकेशन, 'आजचं वचन'. हे काय रे? मी म्हटलं, काही नाही, ॲड असते. ते विसरलेही, मी नाही विसरलो. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो ना, जो माणसांसमोर मला नाकारेल त्याला मीही नाकारीन, ते डोक्यातून जात नाहीये. मी नाकारलंच ना? की अजून माझंच पक्कं नाही तर जाहीर काय कपाळ करणार? दुसरं म्हणजे गणपतीत आरतीला उभं राहायचं का, प्रसाद घ्यायचा का. आणि चर्चमध्ये गेलो तर लगेच नाव-पत्ता विचारतात का, बाप्तिस्म्याचं मागे लागतात का? आईला आत्ता सांगितलं तर ती जेवायची नाही, अतिशयोक्ती करत नाहीये.

प्रतिसाद

मी जन्मापासून ख्रिस्ती, नगरचाच. आधी ते ॲडचं. येशूचा शिष्य पेत्र, त्याने एका रात्रीत तीनदा येशूला नाकारलं होतं, तरी येशूने आपली मेंढरं, म्हणजे अनुयायी, त्याच्याच हवाली केली, तेव्हा एका ॲडवरून एवढं घेऊ नकोस. योहानातला निकदेम बघ, यहुद्यांचा एक पुढारी. तिसऱ्या अध्यायात येशूकडे रात्री येतो, सातव्यात सभेत बिचकत एक प्रश्न विचारून गप्प बसतो, एकोणिसाव्यात गंधरस घेऊन येशूचा देह पुरायला हजर. त्याच्याबरोबरचा अरिमथाईकर योसेफ तर गुप्त शिष्य होता, योहान सरळ लिहितो, भीतीमुळे.

आरतीबद्दल आमच्यातच एकमत नाही. नव्या करारातल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो समोर वाढलेलं खा, चौकशी करू नका, आणि लगेच पुढे म्हणतो की कुणी हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं सांगितलं तर खाऊ नका. मला विचारशील तर घरचा मुलगा म्हणून पाट उचल, मखर लाव, आणि आरतीला मनातून जे येत नाही ते तोंडाने म्हणू नकोस.

चर्च म्हणशील तर गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चला जा, मराठी उपासना असते. १८९० साली तिथे नुसता चहा प्यायले म्हणून रानडे आणि लोकमान्यांवर ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा खटला) आलं होतं, आता मागच्या बाकावर बसलास तर कुणी ढुंकून बघणार नाही. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारस देतात तेव्हा, पुढे जाऊ नकोस, जागेवर बसून राहा, चालतं. पाळकांना खरं सांग, अजून शोधतोय म्हणून. जो पहिल्याच भेटीत बाप्तिस्मा घे म्हणेल किंवा फोटो काढायला बघेल तिथून सटक.

आणि आपले कवी ना. वा. टिळक आठव. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला, बाप्तिस्मा १८९५ साली. पण घरी विश्वासात न घेता झालं आणि बायको लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. ते दुःख वाचवता येत असेल तर वाचव. टिळक म्हणायचे की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, तेव्हा वारकरी घर तुला वाटतं तितकं आड येणार नाही. आईला सगळं एकदम नको, त्या विहिरीची गोष्ट सांगून बघ.

धागाकर्ता

धन्यवाद दादा. काल जाऊन आलो. मागच्या बाकावर बसलो, शेजारच्या आजींनी गीतांचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि पान काढून दिलं, बाकी काही विचारलं नाही. एका गीताला पेटी होती आणि चाल थेट अभंगाची. संपल्यावर बाहेर उभा होतो तेव्हा आईचा फोन आला, मागे काय आवाज येतोय म्हणाली. ॲड म्हणालो नाही. म्हटलं, भजनासारखं काहीतरी आहे, ऐकतोय. बरं, ऐक म्हणाली.

विहिरीचं दिवाळीत सांगेन बहुतेक.