बजरीगारच्या डोक्यावरची चमक: संकेत की टॉर्चची करामत?

जिज्ञासू_ठाणे:
हिरव्या बजरीगारच्या (दुकानात ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात ते) गळलेल्या पिसांवर ३९५ नॅनोमीटरची (अतिनीलच्या काठावरचा जांभळा प्रकाश देणारी) टॉर्च मारली की डोक्यावरचं पिवळं पीस झगझगीत पिवळंहिरवं दिसतं. गालावरचे ठिपके जांभळे दिसतात. निळ्या बजरीगारचं डोक्यावरचं पांढरं पीसही निळसर-जांभळं दिसतं. तीन प्रश्न:
१. हे तिन्ही फ्लुरोसन्स का, म्हणजे अतिनील किंवा जांभळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात परत सोडणं?
२. फोटोत सगळ्यावर जांभळी झाक येते, ती कशी घालवायची?
३. जोडीदार निवडताना पक्षी ही चमक खरंच वापरतात का? सनस्क्रीन लावून केलेल्या एका प्रयोगाचा उल्लेख नेहमी येतो, तो कितपत भरवशाचा?

तरंगलांबी:
पहिल्याचं उत्तर: तिन्ही नाहीत. फ्लुरोसन्स फक्त पिवळ्याचा.

पोपटांच्या पिसांत सिटॅकोफल्विन नावाची रंगद्रव्यं असतात. इतर पक्ष्यांचा पिवळा-लाल रंग बहुधा अन्नातल्या कॅरोटिनॉइडचा असतो. पोपट मात्र आपलं रंगद्रव्य वाढत्या पिसातच तयार करतात. बजरीगारच्या डोक्यावर आणि गालांवर याचा जो पिवळा प्रकार आहे तो अतिनील प्रकाश शोषतो आणि ५०० ते ५५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे हिरव्या-पिवळ्यात, परत सोडतो. अंगावरच्या हिरव्यातही पिवळं द्रव्य आहेच, पण ते असं चमकत नाही. त्यामुळे 'पिवळं म्हणजे चमकणार' हा नियम करू नका.

निळ्या पक्ष्यात हे द्रव्य बनतच नाही. २०१७ मध्ये याचं कारण सापडलं: MuPKS या जनुकातल्या बदलामुळे एन्झाइममध्ये ६४४ व्या जागी आर्जिनीनऐवजी ट्रिप्टोफॅन येतं आणि एन्झाइम निकामी होतं. पिवळं गेलं की अंगावर उरतो तो पिसाच्या रचनेतून येणारा निळा, आणि डोकं पांढरं. त्या पांढऱ्यावर तुम्हाला दिसतोय तो मुख्यतः टॉर्चचा परावर्तित जांभळा प्रकाश. पीस ज्या प्रथिनाचं बनतं त्या केराटिनची स्वतःची फिकट निळसर चमक असते, पण ती मंद. गालाचे जांभळे ठिपके अतिनील आणि जांभळा दोन्ही जोरात परावर्तित करतात. तेही फ्लुरोसन्स नव्हे.

मोर, खंड्या, नीलपंख यांचा झगमगाटही पिसांच्या सूक्ष्म रचनेचा असतो. 'निऑनसारखा दिसतो' यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पिसारा:
जांभळ्या झाकेबद्दल. ३९५ ची टॉर्च या कामाला चुकीची आहे, तिच्या प्रकाशाचा बराच भाग कॅमेऱ्याला सरळ दिसतो. ३६५ नॅनोमीटरची घ्या, आणि तिच्या तोंडावर ZWB2 ही काळी काच असायलाच हवी. ३६५ च्या एलईडीलाही दृश्य प्रकाशाची शेपटी असते, ती ही काच कापते. लेन्सवर फिकट पिवळा फिल्टर लावा म्हणजे परावर्तित अतिनील आणि जांभळा अडतो. आधी त्या फिल्टरवरच टॉर्च मारून बघा; काही स्वस्त फिल्टर स्वतःच चमकतात आणि चित्रावर दुधी पडदा येतो.

फोकस नेहमीच्या दिव्यात करून मॅन्युअलवर ठेवा, मग खोली पूर्ण काळोखी. ट्रायपॉड, रॉ फाइल, आयएसओ ४०० ते ८००, f/८, शटर २ ते १० सेकंद. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर बांधून ठेवा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा हिरवा-पिवळाच 'सुधारून' राखाडी करून टाकतो.

दरवेळी चौकटीत पिसाशेजारी अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा ठेवा. फॉइल अतिनील परावर्तित करतं पण चमकत नाही. ते फोटोत काळं आलं तर टॉर्चचा प्रकाश कॅमेऱ्यात गळत नाही. जांभळं आलं तर फिल्टर अपुरा. टॉर्च बंद ठेवून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा, तो काळाच यायला हवा.

खाली पांढरा कागद नको. त्यातल्या ब्राइटनरने (पांढरेपणासाठी घातलेलं, अतिनीलमध्ये चमकणारं रसायन) सगळं उजळतं. काळ्या मखमलीवर धाग्याचे कण तारांगणासारखे चमकतात, तेव्हा आधी तपासून घेतलेला काळा पुठ्ठा बरा. पीस डिटर्जंटने धुवू नका, पुन्हा तोच ब्राइटनर. शुद्ध पाणी आणि ७० टक्के अल्कोहोल पुरे. सिटॅकोफल्विन त्याने निघत नाही.

आणि जिवंत पक्ष्यावर ही टॉर्च मारू नका. आपल्याला ३६५ अंधुक वाटतं, बजरीगारला ते भगभगीत दिसतं, कारण त्याच्या डोळ्याचं भिंग अतिनील आत जाऊ देतं. स्वतःसाठी UV400 चष्मा घाला. रानातल्या पोपटाची किंवा घुबडाची पिसं गोळा करण्याच्या भानगडीत पडू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. बजरीगारच ठीक.

तरंगलांबी:
तिसरा प्रश्न खरा मजेचा. तो प्रयोग २००२ चा: आर्नल्ड, ओवेन्स आणि मार्शल, 'सायन्स'मध्ये. अतिनील शोषणारं सनस्क्रीन लावून चमक कमी केली, तर दोन्ही लिंगांनी विरुद्धलिंगी चमकदार पक्ष्याकडे ओढा दाखवला. समलिंगी पक्ष्यांबाबत असा कल नव्हता. अडचण अशी की असं सनस्क्रीन अतिनील परावर्तनही खातं. मग पक्ष्याला नेमकं काय कमी झालेलं जाणवलं?

पर्न, बेनेट आणि कथिल यांनी २००१ आणि २००३ मध्ये दोन्ही घटक वेगळे करायचा प्रयत्न केला. अतिनील परावर्तन महत्त्वाचं ठरलं, फ्लुरोसन्सचा परिणाम मात्र सापडला नाही. माझं मत दुसऱ्या गटाकडे झुकतं. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात अतिनीलचा वाटा सुमारे ५ टक्के. त्यातून निघणारी पिवळी चमक ही त्याच पिसावरून परावर्तित होणाऱ्या भरपूर पिवळ्यात मिसळते. काळोखात टॉर्चने दिसतो तो फरक बजरीगारच्या मूळ घरी, ऑस्ट्रेलियातल्या उन्हात उरत नाही. विरुद्ध बाजूचा मुद्दाही सांगतो: चमकणारा पिवळा आणि अतिनील परावर्तित करणारा गाल शेजारी शेजारी आहेत, आणि ही जागा नेमकी प्रणयाराधनात पुढे केली जाते. तेव्हा प्रश्न मिटलेला नाही.

रानवाटा:
घुबडांचं इथे जोडतो. त्यांच्या पंखांच्या खालच्या बाजूच्या पिसांत पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते गुलाबी-लाल चमकतं. उन्हाने ते विघटित होतं, म्हणून नवं पीस गडद गुलाबी आणि जुनं फिकं. पक्ष्यांच्या पायात ओळखीचे वाळे घालणारे अभ्यासक यावरून पिसांच्या पिढ्या ओळखून घुबडाचं वय ठरवतात. पॉर्फिरिनचं शोषण ४०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक, त्यामुळे जिज्ञासूंची ३९५ ची टॉर्च तिथे उलट जास्त चालते! पण घुबडांच्या डोळ्यात अतिनील ओळखणाऱ्या शंकूपेशी (रंग टिपणाऱ्या पेशी) नाहीत आणि रात्री अतिनील प्रकाशही जवळपास नसतो. तो संकेत आहे असं मानायला मला आधार दिसत नाही.

जिज्ञासू_ठाणे:
फॉइलची युक्ती मस्त. एक शंका: पिंजरा घरात एलईडी दिव्याखाली असेल तर पक्ष्याला गालाचं अतिनील दिसतच नसेल?

पिसारा:
जवळजवळ नाही. साध्या एलईडीत अतिनील नगण्य असतं. खिडकीजवळ ठेवलात तर ३ मिमी साध्या काचेतून ३६५ च्या आसपासचं बरंचसं आत येतं. पॉलिकार्बोनेटचे पत्रे मात्र ३८० च्या खालचं जवळपास सगळं अडवतात, बाल्कनी त्यांनी बंद केली असेल तर उपयोग नाही. पिंजऱ्याचा निम्मा भाग सावलीत राहू द्या, उन्हातून हटायला पक्ष्याला जागा हवी.