टपालाने पासपोर्टचे नूतनीकरण : मूळ पासपोर्ट पाकिटात घालण्यापूर्वी काय पाहावे?

परमुलुखी :

नमस्कार. गेली सात वर्षे मी नोकरीनिमित्त परदेशात राहते. माझ्या पासपोर्टची मुदत आणखी आठ महिन्यांनी संपते आहे. आमचा दूतावास इथल्या राजधानीत, म्हणजे माझ्या राहत्या शहरापासून सुमारे साडेसहाशे किलोमीटरवर आहे आणि प्रत्यक्ष जाऊन यायचे म्हटले तर दोन दिवसांची रजा हमखास मोडते. प्रौढ अर्जदारांना नूतनीकरणाचा अर्ज टपालाने पाठवता येईल, असे दूतावासाच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिले आहे. मात्र अर्जासोबत मूळ पासपोर्टही जोडावा लागतो आणि माझे घोडे तिथेच अडले आहे. परक्या देशात ज्या एका पुस्तिकेवर आपली ओळख उभी असते, ती पाकिटात घालून टपालाच्या स्वाधीन करायला मन धजावत नाही.

पासपोर्ट हातात नसण्याचा काळ कसा निभावावा, हे मला मुख्यतः जाणून घ्यायचे आहे. माझा रहिवासी परवाना वेगळ्या कार्डावर आहे. साधारण चार महिन्यांनी कामासाठी एका तिसऱ्या देशात जावे लागेल. त्या देशाचा व्हिसा सध्याच्या पासपोर्टात असून तो आणखी दोन वर्षे चालणार आहे. तेव्हा प्रवास आधी उरकून परत आल्यावर अर्ज पाठवावा, की आत्ताच पाठवून मोकळे व्हावे? आणि जुना पासपोर्ट रद्द झाला की त्यातला व्हिसाही गेला, असे समजायचे का?

पोचपावती :

आपण कोणत्या देशाच्या नागरिक आहात हे लिहिलेले नाही आणि बारकाव्यांचे नियम त्यावरच ठरतात. अमेरिकी नागरिकांसाठी टपालाने पाठवायचा अर्ज म्हणजे डीएस-८२. तो चालण्यासाठी जुना पासपोर्ट वयाच्या सोळाव्या वर्षानंतर मिळालेला, गेल्या १५ वर्षांत दिलेला, न फाटलेला आणि हाताशी असलेला लागतो. तो हरवला असेल तर प्रत्यक्ष हजर राहण्यावाचून सुटका नाही. ब्रिटिश नागरिक परदेशातून बहुधा ऑनलाइन अर्ज भरतात आणि जुना पासपोर्ट मागाहून टपालाने धाडतात. भारतीय पासपोर्टाच्या बाबतीत आपण बोलताना ‘रिन्यूअल’ म्हणतो, पण कागदोपत्री ते ‘रीइश्यू’ असते, म्हणजे जुन्या पुस्तिकेची मुदत न वाढता नवीन क्रमांकाची नवी पुस्तिका मिळते. आपल्या दूतावासाने टपालाची सोय दिली आहे म्हणजे पहिली पायरी पार पडली. तरीही त्या पानावरच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात, कारण नावात बदल, फाटलेले पान किंवा लहानपणी काढलेला पासपोर्ट यांपैकी काहीही असेल तर टपालाचा मार्ग बऱ्याचदा तिथेच बंद होतो.

प्रवासाआधी की नंतर, हा हिशेब मात्र कोणत्याही देशाच्या नागरिकाला सारखाच लागू आहे आणि आपण तो अजून मांडलेला दिसत नाही. आज आठ महिने शिल्लक आहेत आणि प्रवास चार महिन्यांनी आहे. म्हणजे विमानात बसायच्या दिवशी पासपोर्टवर चारच महिने उरतील. प्रवेशाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी, असा अनेक देशांचा नियम आहे. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांत, बाहेरच्या नागरिकांसाठी तो परतीच्या नियोजित तारखेनंतर तीन महिने इतका आहे आणि शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, अशी वेगळी अट आहे. या गोष्टी विमान कंपनीचे कर्मचारी बोर्डिंग पास देण्याआधीच पाहतात, त्यामुळे व्हिसा कितीही पक्का असला तरी माणूस काउंटरवरूनच मागे फिरू शकतो. आपल्या प्रवासाच्या देशाला सहा महिने लागत असतील, तर ‘प्रवास आधी उरकू’ हा पर्याय आपल्याकडे मुळात नाहीच. मी तरी या आठवड्यात पाठवले असते.

आता पाकिटाविषयी. मी दोन वेळा टपालाने नूतनीकरण केले आणि पहिल्या वेळी माझ्याच चुकीने दीड महिना वाया गेला. अर्जाच्या दुसऱ्या पानावर सही करायची राहिली होती. तीन आठवड्यांनी सगळा गठ्ठा जसाच्या तसा परत आला, वर एक छापील चिठ्ठी आणि त्यावर एका रकान्यात बरोबरची खूण. सही काय, मिनिटभरात झाली असती. पण परतीसाठी मी जोडलेले, आगाऊ पैसे भरलेले पाकीट त्या फेरीतच खर्ची पडले होते. नवे पाकीट आणणे, नव्याने पैसे भरणे, पुन्हा रांग. तेव्हापासून मी परतीची दोन पाकिटे आणून ठेवतो आणि अर्ज बंद करण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वाचायला देतो, कारण आपलीच राहिलेली सही आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

परतीचे पाकीट आपल्या राहत्या देशाच्या टपाल खात्याचेच हवे आणि त्यावरचा पत्ता असा द्यावा की तिथे दिवसा कोणीतरी सही करून घेणारे असेल. फोटोचा आकार हा दुसरा सापळा. अमेरिकी पासपोर्टाला २ इंच बाय २ इंच, म्हणजे ५१ मिलिमीटरचा चौकोनी फोटो लागतो. युरोपात सर्रास ३५ बाय ४५ मिलिमीटरचा चालतो. परदेशातल्या फोटोग्राफरकडे जाऊन ‘पासपोर्टचा फोटो द्या’ एवढेच म्हटले, तर तो साहजिकच तिथल्या मापाचा काढून देतो. मापे कागदावर लिहून न्यावीत.

पाठवण्याआधी माहितीच्या पानाची प्रत काढताना तळाच्या दोन ओळी पूर्ण आल्या आहेत ना, ते पाहावे. यंत्राने वाचायच्या त्या ओळींत प्रत्येकी ४४ जागा असतात आणि पुस्तिका काचेवर किंचित तिरकी बसली की झेरॉक्समध्ये नेमकी खालची ओळ अर्धवट कापली जाते. पासपोर्ट क्रमांकातले शून्य की इंग्रजी ‘ओ’, हा घोळही त्या ओळींशी ताडून पाहिल्यास बहुधा सुटतो. शिक्के आणि व्हिसा असलेल्या प्रत्येक पानाचीही प्रत ठेवा. प्रत म्हणजे पासपोर्ट नव्हे, तिच्यावर सीमा ओलांडता येत नाही. पण पाकीट गहाळ झाले तर पुढचा प्रत्येक अर्ज तिच्यावरून भरता येतो.

जुनेनवे :

व्हिसाच्या प्रश्नाचे उत्तर ‘तो देश काय म्हणतो त्यावर’ असे आहे, पण सरसकट ‘गेला’ असे समजू नये. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल, त्याची मुदत शिल्लक असेल आणि ते पान खराब झालेले नसेल, तर जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवून प्रवास करता येतो. मात्र दोन्ही एकाच देशाचे हवेत आणि व्हिसा कापून नव्या पुस्तिकेत चिकटवण्याचा शहाणपणा करू नये, कारण तसे केल्यास तो बादच होतो. याउलट ऑस्ट्रेलियाचा व्हिसा कागदावर नसतोच, तो पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेली इलेक्ट्रॉनिक नोंद असतो, त्यामुळे नवा क्रमांक तिथल्या खात्याला कळवावा लागतो. ब्रिटनच्या ई-व्हिसाचेही तसेच, ऑनलाइन खात्यात नवा पासपोर्ट नोंदवल्याशिवाय प्रवासाच्या दिवशी अडचण येऊ शकते.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी की जुना पासपोर्ट रद्द करून परत हवा आहे, हे अर्जासोबतच्या पत्रात ठळकपणे लिहावे आणि त्यात चालू व्हिसा कोणत्या पानावर आहे तेही नमूद करावे. रद्द करताना कव्हरचा कोपरा कापतात किंवा भोके पाडतात. माझ्या वेळी मी व्हिसाच्या पानावर पेन्सिलीची बारीक खूण केलेली पिवळी चिठ्ठी लावली होती. भोके इतर पानांना पडली होती आणि ते पान कोरे करकरीत परत आले. चिठ्ठीमुळे तसे झाले की योगायोगाने, ते सांगता येणार नाही, पण चिठ्ठी लावायला काही पडत नाही.

रहिवासी परवाना वेगळ्या कार्डावर आहे, ही आपल्या बाजूची मोठीच गोष्ट आहे. ज्यांचा परवाना पासपोर्टातच चिकटवलेला असतो, त्यांची टपालाच्या काळात खरी पंचाईत होते. नवी पुस्तिका आली की इथले परदेशी नागरिक कार्यालय, नोकरीचे ठिकाण, बँक आणि आरक्षित तिकीट या चारही ठिकाणी नवा क्रमांक कळवावा. तिकिटाची आठवण लोकांना विमानतळावर होते.

खाकी पाकीट :

वरच्या दोघांशी मी बव्हंशी सहमत आहे, पण ‘या आठवड्यात पाठवा’ म्हणण्याआधी एक चौकशी करून घ्यावी. अनेक देशांच्या पुस्तिका आता दूतावासात छापल्या जात नाहीत. अर्ज मायदेशी जातो, तिथे छपाई होते आणि पुस्तिका पुन्हा दूतावासात येते. टपालाचे ट्रॅकिंग फक्त आपल्या घरापासून दूतावासापर्यंतचे आणि परतीचे दिसते. मधल्या कित्येक आठवड्यांत पडद्यावर ‘पोहोचले’ याखेरीज एक अक्षर बदलत नाही आणि माणूस उगाच घाबरून रोज फोन करू लागतो. दूतावासाने सांगितलेला कालावधी हा सहसा अर्ज त्यांच्या टेबलावर आल्यापासूनचा असतो, हे ध्यानात घेऊन दोन्ही बाजूंचे टपालाचे दिवस त्यात मिळवावेत. चार महिन्यांत ते बसत असेल तर जरूर पाठवावे. बसत नसेल तर तातडीच्या सोयीसाठी भेटीची वेळ मिळते का, किंवा दूतावासाचे लोक जवळच्या एखाद्या शहरात शिबिर घेणार आहेत का, ते विचारावे. बरेच दूतावास वर्षातून एकदोनदा अशी शिबिरे घेतात आणि त्यांची घोषणा संकेतस्थळाच्या कोपऱ्यात कुठेतरी दडलेली असते.

शुल्काबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. रोख रक्कम पाकिटात कधीही घालू नये. धनादेश चालतो की डिमांड ड्राफ्ट, तो कोणत्या चलनात आणि कोणाच्या नावाने हवा, हे प्रत्येक दूतावासाचे निराळे असते, आणि एकाच देशाच्या दोन दूतावासांतही ते सारखे नसते. मायदेशात राहणाऱ्या नातेवाइकाने सांगितलेली पद्धत इथे लागू होईलच असे नाही. उदाहरणच द्यायचे तर अमेरिकेने २०२४ मध्ये सुरू केलेली ऑनलाइन नूतनीकरणाची सोय देशात राहणाऱ्यांपुरतीच आहे, पण परदेशातल्या कितीतरी जणांनी तिच्या भरवशावर आठवडे घालवले.

आणि गहाळ होण्याची भीती. पाकीट दिसेनासे झाले तर लगेच ‘हरवला’ अशी तक्रार नोंदवू नका, आधी टपाल खात्याकडून शोध घ्यायला लावा. हरवल्याची नोंद झाली की तो पासपोर्ट रद्द होतो आणि त्याचा क्रमांक इंटरपोलच्या २००२ पासून चालणाऱ्या हरवलेल्या-चोरलेल्या कागदपत्रांच्या यादीत जाऊ शकतो; मग पाकीट चार दिवसांनी कपाटामागे सापडले तरी ती पुस्तिका प्रवासाला निरुपयोगी असते. अर्थात खरोखरच हरवला असेल तर तक्रारीला उशीरही करू नये. एवढ्यात मायदेशी जाण्याची निकड आली, तर दूतावास आणीबाणीचा प्रवास दाखला देतो, पण तो बहुधा एकाच फेरीपुरता असतो.

परमुलुखी :

सर्वांची आभारी आहे. चार महिन्यांचा हिशेब खरोखरच माझ्या ध्यानात आला नव्हता. मी आपली ‘अजून आठ महिने आहेत’ एवढेच धरून बसले होते. ज्या देशात जायचे आहे तिथे सहा महिन्यांची अट आहे, हे आज त्यांच्या संकेतस्थळावर पाहिले. आमच्या दूतावासाला फोन करून विचारले तेव्हा छपाईसह सहा ते आठ आठवडे सांगितले. त्यात टपालाचे दोन आठवडे धरले तरी प्रवासाआधी साधारण दीड महिना उरतो. शुल्क मात्र धनादेशाने चालत नाही, ड्राफ्टच लागतो, असे कळले, म्हणजे विचारले ते बरेच झाले.

एक शंका राहिली. परतीचे पाकीट घडी घालून आत ठेवावे, की बाहेरचे पाकीट मोठे घेऊन ते आत सरळ ठेवावे?

पोचपावती :

घडी घातली तरी चालते, फक्त पत्त्याची पट्टी आणि तिच्यावरचा बारकोड घडीवर येऊ देऊ नका. बारकोडावर मधोमध घडी पडली की स्कॅनर तो वाचत नाही आणि मग पाकीट हाताने नोंदवण्याच्या ढिगात जाते. आणि पहिले पाकीट चिकटवण्यापूर्वी दुसऱ्या पानावरची सही पाहा.