थीम स्पर्धेत लात्वियन गँबिट खेळण्यात काय हशील?

कळवेकर६४
गेल्या रविवारी रात्री आमच्या ठाणे-कळवा बुद्धिबळ ग्रुपची लीचेस या संकेतस्थळावर थीम अरेना झाली, म्हणजे ठरलेल्या वेळात जमतील तितके डाव आणि सगळे एकाच ठरलेल्या सुरुवातीतून. डावाला प्रत्येकी पाच मिनिटं अधिक दर चालीला तीन सेकंद, स्पर्धा एकूण दीड तास. विषय होता लात्वियन गँबिट, म्हणजे काळ्याने सुरुवातीलाच एक प्यादं पणाला लावायचं ओपनिंग (डावाची सुरुवात): १. ई४ ई५ २. घोडा एफ३ एफ५ (अक्षर-आकडा म्हणजे मोहरा जिथे जातो ते घर, नुसतं घर असेल तर प्याद्याची चाल). डाव याच स्थितीतून उघडतो आणि पांढऱ्याने थेट तिसरी चाल करायची. स्पर्धा संपल्यावर ग्रुपवरच्या एका सरांनी लिहिलं की असल्या स्पर्धांनी पोरांचा खेळ नासतो, चुकीच्या ओपनिंगवर एक मिनिटही घालवू नये. मला हे पटलेलं नाही.

मी तीन वर्षं काळ्याकडून लात्वियन खेळतोय. बरेच डाव जिंकलोय आणि कशामुळे जिंकलोय तेही मला माहीत आहे. समोरचा बावचळायचा. गडबडीत एफ५ वरचं प्यादं मारायचा, मी ई४ पुढे ढकललं की त्याचा घोडा बहुतेक वेळा गपगुमान जी१ वर परत जायचा. रविवारी तसं काही झालं नाही, कारण सगळे शनिवारी बसून तयारी करून आले होते. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला ही स्थिती पांढऱ्याकडून खेळावी लागली.

तो डाव असा: ३. घोड्याने ई५ मारलं, वजीर एफ६. ४. डी४ डी६ ५. घोडा सी४, काळ्या प्याद्याने ई४ मारलं. ६. घोडा सी३, वजीर जी६. इथे ७. एफ३! काळ्याने ते प्यादं मारलं, मी वजिराने परत मारलं. ८... घोडा एफ६ ९. उंट डी३, आणि काळ्या वजिराला पुन्हा उठावं लागलं, जी४ वर. मग १०. वजीर ई३ शह. पटाकडे बघा, काळ्याचा वजीर तीनदा हललाय, सोबतीला एकटा घोडा. माझे दोन्ही घोडे, उंट आणि वजीर मैदानात. मी इतकी वर्षं काळ्याकडून काय ओढवून घेत होतो ते मला त्या क्षणी दिसलं.

ज्या ओपनिंगची सगळी भिस्त समोरच्याच्या अज्ञानावर आहे, तिची खरी परीक्षा थीम स्पर्धेतच होते. म्हणून अशा स्पर्धा हव्यात असं माझं म्हणणं आहे.

वाशीतला_शिकवणारा
ते लिहिणारा मीच. तुमचा डाव चांगला आहे, पण तुम्ही मोठे आहात. चूक बघून ती चूक आहे एवढं तुम्हाला कळतं. माझ्याकडे नऊ-दहा वर्षांची मुलं येतात. त्यातल्या एकाने अशीच एक थीम अरेना खेळून पुढच्याच आठवड्यात नेरूळला शालेय स्पर्धेत २... एफ५ केलं. समोरच्या मुलीने ई५ मारलं. याला वजीर एफ६ आठवलं नाही, त्याने घोडा सी६ केला. वजीर एच५ शह, जी६, घोड्याने जी६ मारलं, घोडा एफ६, वजीर एच३, एच-प्याद्याने घोडा मारला आणि वजिराने कोपऱ्यातला हत्ती उचलला. सात चालींत हत्ती गेला. पोरगा उरलेला अर्धा तास मान खाली घालून बसला होता. मी दाराशी उभा होतो, मला आत जाता येत नव्हतं.

माझा वर्ग आठवड्याला दोन तास. त्यात मध्यभाग धरणं, मोहरे बाहेर काढणं, राजा सुरक्षित करणं आणि प्याद्यांची अंत्यखेळी एवढं बसवायचं असतं. मार्च २०२४ पासून फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचं किमान रेटिंग १४०० झालंय, मुलांना यादीत नाव लागावं असं वाटत असेल तर पाया पक्का लागतो. इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा संगणक-प्रोग्राम, ज्या स्थितीत पांढऱ्याला एका प्याद्याहून जास्त वरचढ दाखवतं, ती स्थिती मी मुलांना शंभर वेळा का बघायला लावू?

कळवेकर६४
सर, त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण त्याने अर्धवट बघितलेली गोष्ट नेहमीच्या डावात वापरली, तीही एकाच बाजूने. हा दोष थीम स्पर्धेचा कसा? आणि वेगळं काही खेळूच नये म्हणाल तर इंग्रज ग्रँडमास्टर टोनी माइल्सने १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा इथे जगज्जेत्या कार्पोव्हच्या ई४ ला ए६ हे उत्तर दिलं आणि तो डाव जिंकला.

वाशीतला_शिकवणारा
हे उदाहरण तुमच्यावरच उलटतं. कार्पोव्हला आठवडाभर आधी कळलं असतं की समोरून ए६ येणार, तर तो त्या डावाला तसा बसला असता का? ती चाल त्या दिवशी, त्या माणसासमोर चालली. थीम स्पर्धेत तेच काढून घेतलंत की मागे फक्त ए६ उरतं.

नौपाड्यातले_काका
अशा स्पर्धा आज निघालेल्या नाहीत हे आधी सांगतो. व्हिएन्नात १९०३ साली अख्खी स्पर्धा स्वीकारलेला राजा-गँबिट या एकाच ओपनिंगवर खेळली गेली, रशियाचा चिगोरिन जिंकला. तेव्हाही मुद्दा हाच होता की हे ओपनिंग टिकतं की नाही. तुमचं लात्वियन तर सतराव्या शतकातल्या ग्रेको या इटालियन खेळाडूच्या लिखाणातही आहे. पुढे लात्वियाचा बेटिन्श आणि तिथल्या रिगा शहराच्या मंडळींनी त्यावर कष्ट घेतले, म्हणून नाव लात्वियन पडलं. टपालाने खेळणाऱ्यांनी त्याच्या खास थीम स्पर्धा भरवल्या.

मी स्वतः पोस्टकार्डावर खेळलोय. एका चालीचं उत्तर यायला कधी तीन आठवडे लागायचे. तेवढा वेळ पट खिडकीपाशी मांडलेला असायचा आणि जाता-येता नजर पडायची. एकदा समोरच्याचं कार्ड आलं, मला वाटलं चूक आहे. चार दिवसांनी चहा पिताना दिसलं की माझाच घोडा अडकलाय. ओपनिंग खरं की खोटं हे असं कळतं. पाच मिनिटांत कोणाची बोटं भराभर चालतात तेवढंच कळतं. कळवेकर, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, पण तुमच्या घड्याळाने त्याचा गळा घोटलाय.

घोडबंदर_ब्लिट्झ
काकांनी घड्याळ धरलं, मी रंग धरतो. त्या रविवारी मीही होतो. अरेनात सलग दोन डाव जिंकले की पुढच्या विजयाचे दुप्पट गुण. माझे दोन जिंकून झाले आणि तिसऱ्याला काळी आली, म्हणजे दुप्पट गुणांचा डाव मला पडक्या बाजूने. शेवटच्या दहा मिनिटांत समोरचे पांढऱ्याने बेर्सर्क करत होते, स्वतःचा निम्मा वेळ सोडून वरचा एक गुण घेत होते. त्यांना कळलं होतं की या स्थितीत तेवढी सूट परवडते. असमान स्थितीतून खेळवायचं तर तोच माणूस, तेच ओपनिंग, दोन डाव, रंग बदलून. इंजिनांच्या टीसीईसी स्पर्धेत असंच करतात. आपल्याकडे का नको? नाहीतर गुणतक्त्याला अर्थ नाही.

ऐरोलीची_आई
माझी मुलगी बारा वर्षांची. ती सरांच्याच पद्धतीने शिकली आहे आणि त्याचा फायदा मी बघते. पण तिची एक अडचण आहे, मोहरा द्यायला ती घाबरते. प्याद्याच्या बदल्यातही घोडा देत नाही, दोन चालींत परत मिळणार असला तरी. रविवारी तिला पांढऱ्याकडून असा डाव आला: ३. उंट सी४, काळ्याने ई४ मारलं, ४. घोड्याने ई५ मारलं, वजीर जी५. ५. डी४, वजिराने जी२ मारलं. ६. वजीर एच५ शह, जी६, ७. उंट एफ७ शह, राजा डी८. आता ८. उंटाने जी६ मारायचं तर एच१ चा हत्ती शह देऊन जाणार. तिने घड्याळातली जवळजवळ दोन मिनिटं तिथे घालवली. मग मारलं. हत्ती गेला, राजा ई२ वर आला, आणि पुढे वेळ संपून ती हरली.

सोमवारी ऐरोलीहून ठाण्याला जाताना गाडीत ती डोळे मिटून बोटांनी मांडीवर घरं मोजत होती. दिघा गाव गेलं तरी बोलली नाही. ठाणे आलं तेव्हा म्हणाली, "काळ्याने सी१ चा उंट मारला असता ना, तर घोडा एफ७ शह, राजा ई८, घोड्याने हत्ती मारला की उंटाचा शह उघडतो." सर, हे तिला इटालियनसारखं नेहमीचं ओपनिंग खेळून कधी दिसलं असतं मला माहीत नाही.

वाशीतला_शिकवणारा
ताई, तिने बरोबर बघितलं. घरी पटावर मांडून तिला पुढच्या तीन चाली शोधू द्या, इंजिन लावू नका. हत्ती सोडून राजा पुढे काढण्याचं धाडस मी वर्गात शिकवू शकलेलो नाही, हे कबूल करतो.

तरी माझं मत तेच आहे. जिचा पाया झालाय तिला याचा उपयोग झाला. नेरूळच्या त्या पोराचा पाया झाला नव्हता. बारा वर्षांखालच्यांना या अरेनात घेताना त्यांच्या शिकवणाऱ्याला विचारा, एवढी तरी अट घाला.

कळवेकर६४
अट मान्य, ग्रुपवर आजच टाकतो. काका आणि घोडबंदर, तुमचंही घेतो. पुढच्या महिन्यात अरेना नाही. जोड्या लावू, प्रत्येक जोडीचे दोन डाव रंग बदलून, पंधरा मिनिटं अधिक दहा सेकंद. काकांना तेही कमी वाटेल, पण सोमवारी सगळ्यांना कामावर जायचं असतं.

आणि सर, पहिली जोडी तुमची-माझी लावू का? काळी मी आधी घेतो.

वाशीतला_शिकवणारा
लावा. मी ७. एफ३ करणार हे आताच सांगून ठेवतो.