सीमानिश्चिती, सीमांकन, हद्द कायम: शब्द कुठे कोणता?

मंगळवार पेठ: इथिओपिया-इरिट्रिया वादावरच्या मराठी मजकुरात ‘सीमा आखली’ असं १९०० च्या कराराबद्दलही लिहितात आणि सीमा आयोगाच्या २००२ च्या निवाड्याबद्दलही. कुठे ‘सीमांकन’ दिसतं, कुठे ‘सीमानिश्चिती’. हे समानार्थी आहेत का?

दसरा चौक: नाहीत. रेषा शब्दांत आणि नकाशावर उतरवणं ही सीमानिश्चिती. जाग्यावर जाऊन खांब रोवणं हे सीमांकन. ‘आखली’ म्हटलं की दोन्ही एक होतात, आणि भांडण तर या दोन कामांच्या मधेच उभं राहतं.

इटलीच्या ताब्यात इरिट्रिया असताना इथिओपियाशी १९००, १९०२ आणि १९०८ असे तीन करार झाले; १९०२ च्या करारात ब्रिटनही होता. पहिल्या करारातली रेषा मारेब, बेलेसा, मुना या नद्यांवरून जाते. कागदावर सरळ वाटतं, पण बेलेसा आणि मुना ही नावं प्रत्यक्षातल्या नेमक्या कोणत्या प्रवाहांना लावायची, यावर शंभर वर्षांनी दोन्ही देशांचे वकील झगडले. दुसऱ्या करारात सेतित आणि माइतेब यांच्या संगमापासून मारेबकडे जाणारी रेषा ठरवायची होती, तीही कुनामा जमात इरिट्रियात राहील अशा बेताने. माइतेब नदी कोणती, इथूनच वाद. तिसऱ्यात किनाऱ्यापासून ६० किलोमीटर आत, किनाऱ्याला समांतर. किनारा वेडावाकडा, त्याला समांतर रेषा कशी काढायची, याचा अर्थही पुढे आयोगालाच लावावा लागला. खांब रोवण्याचं काम कधी पुरं झालंच नाही. १९९३ मध्ये इरिट्रिया स्वतंत्र झाला तेव्हा हा अर्धवट कागद आंतरराष्ट्रीय सीमा ठरला. मे १९९८ मध्ये बादमे या सीमेवरच्या गावावरून युद्ध पेटलं.

शिरोळ: शेताच्या मोजणीतला शब्द इथे उपयोगी पडेल. ‘हद्द कायम’ मोजणीत अर्ज आल्यावर लगतधारकांना, म्हणजे शेजारच्या जमीनमालकांना, नोटीस जाते, त्यांच्यासमोर मोजणी होते, खुणा दाखवल्या जातात आणि मग ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. नोटीस चुकली तर त्या नकाशावर हरकत येते. वसाहतींच्या करारांत नेमका हाच टप्पा गाळलेला आहे. कुनामांना कुठे ठेवायचं ते करारात लिहिलं, पण करारावर सही करणाऱ्यांत कुनामा कुणी नव्हते. म्हणून या करारांना ‘सीमानिश्चिती’ म्हणावं, ‘हद्द कायम’ म्हणू नये. त्या शब्दात शेजाऱ्याची हजेरी गृहीत आहे.

मंगळवार पेठ: पटलं. मग अफगाणिस्तान-पाकिस्तानमधल्या ड्युरँड रेषेला ‘सरहद्द’ म्हणावं का?

दसरा चौक: इथे खांब रोवले गेले होते. ब्रिटिश हिंदुस्थान आणि अफगाण अमीर यांच्यातला करार १२ नोव्हेंबर १८९३ चा, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बऱ्याच भागात सीमांकनही झालं. अडचण शब्दाचीच आहे. कराराच्या प्रस्तावनेत अफगाणिस्तानची ‘सरहद्द’ येते, आणि दोन्ही सरकारांच्या ‘प्रभावक्षेत्रांची मर्यादा’ ठरवायची आहे असंही येतं. प्रभावक्षेत्र म्हणजे मालकी नव्हे. पाकिस्तान पहिल्या शब्दावर उभा राहतो, काबूल दुसऱ्यावर. ३० सप्टेंबर १९४७ रोजी पाकिस्तानच्या संयुक्त राष्ट्रांतल्या प्रवेशाविरुद्ध अफगाणिस्तानने मत दिलं, त्यामागे हीच रेषा आणि तिच्या दोन बाजूंना विभागलेले पश्तून होते. त्यामुळे अनुवादात ‘ड्युरँड रेषा’ असंच ठेवावं. ‘सरहद्द’ लिहिलं की वाचकाला नकळत एक पक्ष घेतला जातो.

शिरोळ: आणि ‘शीव’ देशांसाठी वापरू नये, ती गावाची. मूळ ‘सीमा’च, आपलं शिलंगणही सीमोल्लंघनातूनच आलं. पण शीव म्हटलं की ओढा, झाड, म्हसोबाचा दगड अशी पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली खूण डोळ्यांपुढे येते. परक्याने नकाशावर ओढलेल्या रेषेला तो शब्द शोभत नाही.

मंगळवार पेठ: तर २००२ बद्दलचं वाक्य असं करतो: ‘१३ एप्रिल २००२ रोजी आयोगाने जुन्या करारांच्या आधारे सीमानिश्चिती केली, सीमांकन झाले नाही.’ चालेल?

दसरा चौक: पहिला भाग चालेल. बादमे त्या रेषेच्या इरिट्रियाच्या बाजूला आलं, हेही जोडा. दुसऱ्या भागात ‘जमिनीवर’ हा शब्द घाला. खांब रोवता येईनात तेव्हा आयोगाने अक्षांश-रेखांश देऊन नोव्हेंबर २००७ मध्ये सीमांकन झालं असं मानलं. म्हणजे ‘सीमांकन जमिनीवर झाले नाही’ असं लिहा.