वर्ल्ड सिरीज कोण जिंकणार, हे सांगता येतं का?

गणिती_गोट्या

अमेरिकन बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजसाठी, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या शेवटच्या सिरीजसाठी, एका टीमचं नाव घेऊन "यंदा हेच" म्हणायचं आता बंद करा. सांगायचंच असेल तर टक्के सांगा.

समजा, एखादी टीम इतकी भारी आहे की प्लेऑफला आलेल्या कुठल्याही टीमविरुद्ध तिची दर मॅच जिंकायची शक्यता 55 टक्के आहे. बेसबॉलमध्ये हा आकडा लहान नाही. आता 2022 पासूनची रचना घ्या. बारा टीम, त्या दोन लीगमध्ये विभागलेल्या, दोन्ही लीगमधल्या पहिल्या दोघांना बाय (पहिली फेरी न खेळताच पुढे), बाकीच्यांची तीन मॅचची वाइल्ड कार्ड सिरीज, मग पाच मॅचची डिव्हिजन सिरीज, मग सात-सात मॅचच्या दोन: लीगची फायनल आणि वर्ल्ड सिरीज. आपल्या भारी टीमला बाय मिळालाय असं धरू. पाचाची सिरीज ती 59 टक्के वेळा काढेल, साताची 61 टक्के वेळा. तिन्हींचा गुणाकार केला की हातात उरतात 22 टक्के. बाय नसेल तर 13 च्याही आत. म्हणजे सगळ्यात चांगली टीम अचूक ओळखूनही पाचातल्या चार वेळा तुम्ही तोंडावर पडणार.

2023 आठवा. 162 मॅचच्या सीझनमध्ये ब्रेव्ह्ज 104 विजय, ओरिओल्स 101, डॉजर्स 100. तिघेही आपापल्या पहिल्याच सिरीजमध्ये गारद. शेवटी समोरासमोर आले रेंजर्स (90) आणि डायमंडबॅक्स (84). सप्टेंबरात ही जोडी लिहून देणारा कुणी असेल तर पत्ता कळवा, पाया पडायला येतो.

बुलपेन_काका

गोट्याशेठ, गुणाकार बरोबर, पण तो 55 आणलात कुठून? सीझनमधल्या विजयांवरूनच ना? तिथेच घोळ आहे.

162 मॅचला पाच स्टार्टर (मॅच सुरू करणारे पिचर, म्हणजे बॉलर) लागतात, शिवाय दुखापती, थकवा, ऑगस्टमधले कंटाळवाणे मंगळवार. ऑक्टोबरात मध्ये सुट्ट्या असतात, तीन-चार स्टार्टरवर भागतं. पाचवा पिचर बुलपेनमध्ये (मॅचमध्ये नंतर येणाऱ्या राखीव पिचरांत) जातो किंवा बाकावर बसतो. म्हणजे ऑक्टोबरात खेळते ती टीम वेगळीच असते.

2025 बघा. ब्रूअर्सचे 97 विजय, सगळ्यात जास्त. डॉजर्सचे 93. सीझनमध्ये दोघांच्या सहा मॅच झाल्या, सहाही ब्रूअर्सनी मारल्या. तुमच्या टक्केवारीने काय सांगितलं असतं? पण त्या सहाही मॅच जुलैत झाल्या, तेव्हा डॉजर्सचा पिचर ब्लेक स्नेल दुखापतीमुळे बाहेर होता. ऑक्टोबरात हेच दोघे लीगच्या फायनलला भिडले, तेव्हा पहिल्या मॅचला तोच उभा राहिला: नऊपैकी आठ इनिंग, एक हिट, दहा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद). दुसरीत यामामोतोने पूर्ण नऊ इनिंग टाकल्या. चौथीत ओहतानीने दहा स्ट्राइकआउट घेतले आणि वर स्वतःच तीन होमरन (कुंपणापार फटके) हाणले. निकाल 4-0. ब्रूअर्सना चारही मॅचमध्ये एकेक रन. याला नाणेफेक म्हणता?

पिचर बघा, टीम आपोआप कळते. 2001 ला डायमंडबॅक्सचे रँडी जॉन्सन आणि शिलिंग, 2014 ला जायंट्सचा बमगार्नर, 2019 ला नॅशनल्सचे स्ट्रासबर्ग-शर्झर; तिन्ही वेळा ट्रॉफी त्यांच्याच टीमला. त्या 2019 च्या नॅशनल्सची सुरुवात 19 विजय-31 पराभव अशी होती. नंतर वर्ल्ड सिरीजमध्ये 107 विजयांच्या अ‍ॅस्ट्रोजना त्यांच्याच घरात चार वेळा हरवलं.

गणिती_गोट्या

काका, जिंकलेल्यांची यादी नंतर कुणालाही करता येते. हरलेल्यांची मी देतो.

2011, फिलीज. हॅलाडे, क्लिफ ली, हॅमल्स, ओस्वाल्ट. 102 विजय. असे चार स्टार्टर एका टीमला परत कधी मिळायचे? तुमच्या नियमाने तेव्हाच ट्रॉफी कोरून ठेवायला हवी होती. डिव्हिजन सिरीजमध्येच कार्डिनल्सनी घरी पाठवलं. पाचवी मॅच 1-0. हॅलाडेने आठ इनिंगमध्ये एक रन दिला, तेवढाच पुरला.

आणि अटलांटा ब्रेव्ह्जचे पिचर मॅडक्स, ग्लॅविन, स्मोल्ट्झ? तिघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. ते तिघे एकत्र असताना वर्ल्ड सिरीज किती? एक, 1995.

पेठेतला_पाहुणा

मी क्रिकेटवाला, मुलाच्या नादाने बघायला लागलो. मला तो बायच कळत नाही. आयपीएलमध्ये पहिल्या दोघांना हरल्यावर दुसरी संधी असते. इथे वर्षभर राबून पहिला नंबर काढा, बक्षीस काय, तर पाचेक दिवस घरी बसा आणि मग गरम झालेल्या टीमशी पाच मॅचची सिरीज खेळा. हात गोठत असतील की!

बुलपेन_काका

बरोबर बोललात. 2022 आणि 2023 मिळून बायवाल्या आठ टीमपैकी पाच पहिल्याच सिरीजमध्ये उडाल्या. हिटरची लय जाते. रोज 95 मैलाचे बॉल खेळणाऱ्याला पाच दिवस बसवलं तर पुन्हा जम बसायला वेळ लागतोच.

गणिती_गोट्या

आणि 2024-25 चं काय? त्या दोन वर्षांत आठपैकी सहा पुढे गेल्या. राहिले फक्त फिलीज, दोन्ही वर्षी तेच. चार वर्षांचा हिशेब सोळापैकी नऊ, म्हणजे 56 टक्के. माझ्या 59 च्या शेजारीच की. ती लय-बिय दोन वर्षं छापायला बरी होती.

(पाहुणे, दुसऱ्या संधीचा मुद्दा मात्र खराच. ती नाही म्हणूनच 22 टक्के.)

संध्याकाळचा_स्कोअर

गोट्या यांच्या विरोधात एक आकडा टाकतो. 2016 ते 2025 या दहा वर्षांत सीझनमध्ये सर्वाधिक विजय मिळवणारी टीमच चार वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली: 2016 कब्ज, 2018 रेड सॉक्स, 2020 डॉजर्स, 2024 डॉजर्स. 22 टक्क्यांच्या हिशेबाने दोनदाच व्हायला हवं होतं. मग 55 ऐवजी 60 धरा ना, बायसकट 34 टक्के येतात.

गणिती_गोट्या

सोयीची खिडकी उघडलीत. 1999 ते 2006 मोजा: आठ वर्षांत एकदाही नाही. 2001 चे सिअ‍ॅटल मरिनर्स 116 विजय घेऊन यँकीजकडून 4-1 हरले. 2006 ला 83 विजयांचे कार्डिनल्स चॅम्पियन. 60 धरायला माझी हरकत नाही, पण 34 टक्के म्हणजेही तीनात दोनदा चूकच.

सिअ‍ॅटलची_सुलभा

मरिनर्सचं नाव कुणी काढलं?

तीस टीममध्ये वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेली एकच टीम, ती आमची. 2025 ला लीगच्या फायनलच्या सातव्या मॅचमध्ये सातव्या इनिंगला आम्ही 3-1 पुढे होतो, आठ आउट हवे होते. टोरोंटोच्या स्प्रिंगरने तीन रनांचा होमरन मारला आणि टोरोंटो वर्ल्ड सिरीजला. त्या दिवशी घरोघरी दिवाळीचे दिवे, आमच्याकडे टीव्हीपुढे सुतक.

तुम्ही दोघं सांगा, त्या एका बॉलचं भाकीत पिचर बघून होतं की गुणाकार करून?

बुलपेन_काका

सुलभाताई, पिचर बघूनच. दमलेल्या बुलपेनमधून तिथे कुणाला आणायचं, हा निर्णय होता, नशीब नव्हे. तो चुकला असं त्या रात्री अर्धं सिअ‍ॅटल म्हणत होतं. आणि पुढे टोरोंटोचं काय झालं? वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सच्या यामामोतोने सहावी मॅच सुरू केली, जिंकली, आणि दुसऱ्याच दिवशी सातवी येऊन संपवली. असा माणूस एका बाजूला असेल तर मी तुमचे टक्के बघत बसू?

गणिती_गोट्या

बघा ना. त्याच सातव्या मॅचमध्ये नवव्या इनिंगला टोरोंटोला दोन आउट हवे होते आणि डॉजर्सच्या मिगेल रोहासने होमरन मारून बरोबरी केली. होमरनसाठी न ओळखला जाणारा रोहास! तो बॉल कुंपणाच्या अलीकडे पडला असता तर यामामोतोला बोलवायची वेळच आली नसती आणि काका आज टोरोंटोच्या पिचरांवर लिहीत असते.

असो. यंदाच्या पैजेसाठी नियम सुचवतो. प्रत्येकाने बारा टीममध्ये 100 टक्के वाटायचे. जिंकणाऱ्या टीमला तुम्ही दिलेल्या आकड्याचा लॉगरिदम, तो तुमचा गुण.

बुलपेन_काका

सगळे भित्रे मग 8.33 वाटून मोकळे होतील. मला हा नियम मान्य नाही. नाव घ्यायचं आणि हरायची तयारी ठेवायची, पैज त्यालाच म्हणतात.

सिअ‍ॅटलची_सुलभा

मरिनर्स आले तर 100 चे 100 त्यांना टाकले तर चालेल का?

गणिती_गोट्या

चालेल. पण ते हरले तर शून्याचा लॉगरिदम, म्हणजे तुमचा गुण वजा अनंत.

सिअ‍ॅटलची_सुलभा

असू दे. 1977 ला टीम आली तेव्हापासून तेच चाललंय.