डिलॅमिनेशनला मराठीत पोपडा म्हणावं की पापुद्रा? आणि 'बर' चालेल का?

मंडळी, कार्बन फायबरच्या शीटला भोकं पाडताना काय काय बिघडतं यावर वर्कशॉपमधल्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतोय. ड्रिल खालून बाहेर पडतं तिथे शेवटचे थर एकमेकांपासून सुटतात, त्याला मी 'पोपडे सुटणे' लिहिलंय पण मनाला पटत नाहीये. आणि कडेला न कापलेले तंतू उभे राहतात त्याला सगळे 'बर' म्हणतात, तेच ठेवू का?

—

पोपडा नको हो. पोपडा फुगतो, गळतो, लांबून दिसतो. इथे बऱ्याचदा वरून भोक एकदम साफ आणि आत थर सुटलेले, अल्ट्रासोनिक तपासणी केली की मगच कळतं. 'पापुद्रा सुटणे' घ्या. फक्त त्यातही दोन प्रकार वेगळे लिहा, कारण कारणं वेगळी आहेत. ड्रिल आत शिरताना फ्लूटची, म्हणजे ड्रिलवरच्या पिळदार खोबणीची, धार वरचा थर वर ओढते, तिथे पापुद्रा 'उचकटतो'. बाहेर पडताना तो खाली 'ढकलला जातो', आणि जास्त नुकसान बहुतेक वेळा हाच करतो. ड्रिलच्या अगदी टोकाला जी आडवी धार असते ना, चिझल एज, ती नीट कापत नाही, नुसती दाबते, थ्रस्टचा, म्हणजे ड्रिलच्या खाली दाबण्याच्या जोराचा, मोठा वाटा तिचाच, आणि खाली दोनतीनच थर उरले की ते वाकतात आणि थर चिकटवून ठेवणाऱ्या रेझिनची पकड सुटते. किती थर उरल्यावर किती थ्रस्ट चालेल याचं गणित होचेंग आणि धरन या संशोधकांनी १९९० मध्येच मांडलंय. म्हणून टोक बारीक करून घेणं, आधी पायलट होल (छोटं भोक) मारणं, खाली आधाराला बॅकिंग प्लेट घट्ट लावणं, शेवटी फीड (ड्रिल खाली सरकण्याचा वेग) कमी करणं, हे सगळे उपाय या एका शब्दाखाली येतात.

—

वरच्याशी सहमत, आणि 'बर' तर अजिबात नको. बर धातूला येते, धातू दबून वाहतो आणि कडेला वळून बसतो. कार्बनचा तंतू असा वाहत नाही, तो एकतर तुटतो नाहीतर धारेसमोरून वाकून निसटतो आणि तसाच उरतो. त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, दशा. कापडाच्या कडेला निघतात त्याच.

तंतूची जाडी ५ ते ७ मायक्रॉन, आणि कार्बन धार इतकी खातो की साध्या कार्बाइड ड्रिलची धार थोड्याच भोकांत गोल होते, मग धारेची गोलाई तंतूपेक्षा मोठी झाली की कापणं संपलं. म्हणून डायमंड कोटिंग किंवा पीसीडी (कृत्रिम हिऱ्याची धार) वापरतात. वरचा थर एकाच दिशेच्या तंतूंचा असेल तर दशा भोकाभोवती सगळीकडे येत नाहीत, समोरासमोरच्या दोन भागांतच येतात, जिथे धार तंतूला वाईट कोनात भेटते. बाहेरच्या कोपऱ्यांना अणी असलेलं स्पर ड्रिल इथे छान चालतं, अणी कडेचे तंतू आधी ताणून कापतात.

—

वा, दशा घेतला! मग टोकाचा कोन ११८ अंश असलेलं साधं ड्रिल वापरूच नये असं लिहू का?

—

तसं सरसकट नका लिहू. बॅकिंग चांगलं असेल, धार ताजी असेल तर त्यानेही बरं भोक येतं, नुसत्या कोनावर काही ठरत नाही. आणि हो, कापून निघणाऱ्या मालाला टिपणात 'कीस' लिहिलंय ते बदला, यातून भुकटी निघते, ती विजेची वाहक असते, मशीनच्या इलेक्ट्रिक भागांत गेली तर शॉर्ट करते, व्हॅक्यूम लावायला सांगाच.

—

मोजमापाचंही लिहा. सुटलेल्या भागाचा सगळ्यात मोठा व्यास भागिले भोकाचा व्यास, म्हणजे भोक ६ मिमीचं आणि पापुद्रा ७.२ पर्यंत सुटलेला तर १.२. याला 'पापुद्रा गुणांक' म्हणता येईल. पण फोटोवरून मोजताना दशा त्यात धरू नका, त्या भोकाच्या आत आलेल्या असतात आणि कापून काढता येतात, सुटलेला थर मात्र कापून जात नाही. दोन्हीला एकच शब्द असला की पोरं धार बोथट झाली असताना फीड कमी करत बसतात.

—

हे शेवटचं वाक्य आहे तसं टिपणात टाकतो, चालेल ना?

—

टाका की.