आजीच्या डब्यातली जुनी नाणी: खरी किंमत कशी काढायची?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. वाईच्या घराची आवराआवर करताना आजीचा पितळी डबा सापडला. त्यात राणीछाप चांदीचे तीन रुपये (1862, 1884, 1900), पंचम जॉर्जचा 1919 चा एक, सहाव्या जॉर्जचे 1944 चे दोन, 1947 चा वाघाचा रुपया, मूठभर भोकाचे पैसे, 'श्री राजा शिव' असं अर्धवट वाचता येणारी तांब्याची नाणी आणि राम-सीतेचं चित्र असलेलं 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' असं एक. भावाने व्हिडिओ पाहिला, त्यात असलं नाणं दहा लाखांना जातं म्हणे. त्या नंबरवर फोन केला तर आधी नोंदणीचे दोन हजार मागतायत. सोनार मोडीच्या भावाने घ्यायला तयार आहे. कुणाचं खरं धरायचं? आणि आई म्हणते पितांबरीने घासून काढू. काढू का?

सह्याद्री_पुणे:
दोन हजार अजिबात भरू नका! रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाणी-नोटांवर शुल्क, कमिशन, कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेने स्वतः 2021 मध्ये जाहीर केलं होतं. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा माणूस नाण्याचं गिऱ्हाईक नसतोच.

नाणेवेडा_नाशिक:
ताई, आधी आईंच्या हातातली पितांबरी काढून घ्या. चिंच, लिंबू, राख, काहीही लावू नका. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला काळसर रंग जाणकाराला हवाच असतो. घासलेलं नाणं भिंगाखाली धरलं की बारीक ओरखडे लगेच दिसतात आणि संग्राहक ते बाजूला ठेवतो. गेलेली चकाकी परत आणता येत नाही.

आता एकेक घ्या. जुना चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक जुना तोळा, 11.66 ग्रॅम. त्यात चांदी 91.7 टक्के, म्हणजे साधारण 10.7 ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या ग्रॅमच्या भावाला 10.7 ने गुणा, ही तुमची तळाची किंमत. राणीछाप तिन्ही आणि 1919 चा या हिशेबात बसतात. 1944 च्या दोघांत मात्र चांदी निम्मीच आहे, कारण 1940 पासून सरकारने ती 50 टक्क्यांवर आणली. सोनार सगळे एकाच भावाने मागत असेल तर हे त्याला सांगा. 1947 च्या रुपयात चांदी नाहीच, तो निकेलचा. लोहचुंबक लावून बघा, चिकटेल. चांदी चिकटत नाही.

तळाच्या वर किती मिळेल ते साल, टाकसाळ आणि झीज यावर ठरतं. जुनं म्हणजे महाग, असं नाही. तुमचा 1862 चा रुपया सगळ्यांत जुना, पण तेच साल छापून टाकसाळी 1874 पर्यंत रुपये पाडत राहिल्या, त्यामुळे तो ढिगाने सापडतो. उलट 1939 चा खरा रुपया दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही फार. राणीचा चेहरा बघा: केसांच्या बटा, अंगरख्यावरची नक्षी स्पष्ट आहे की सपाट झाली आहे? एकाच सालाच्या दोन रुपयांच्या भावात केवढाली तफावत पडते ती इथे.

भोकाचे पैसे 1943 ते 47 चे, अमाप पाडलेले. त्यांचे फार पैसे येणार नाहीत, मुलांना खेळायला नाही पण दाखवायला ठेवा. राम-सीतेचं ते टोकन आहे, चलनातलं नाणं नव्हे. कंपनीने असं नाणं पाडलेलंच नाही, व्हिडिओत काहीही सांगोत.

तुमची ती 'श्री राजा शिव'ची तांब्याची नाणी म्हणजे शिवराया, त्या मात्र सावकाश बघा. अक्षरांच्या मध्ये दोन समांतर आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, पेशवाईत खूप चाललेली, आजही स्वस्तात मिळते. जुन्या शिवराया वजनाला जास्त भरतात, अक्षरं घाटदार असतात. मला जीव लावावासा वाटतो तो याच नाण्यांना. दोन्ही बाजूंचे फोटो टाका, वजनासकट.

आणि भाव बघायचा तो लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांचा. लिलाव संस्था निकाल जाहीर करतात. साईटवर कुणी पाच लाख लिहिलं म्हणजे ते कुणी दिले असं नव्हे.

कृष्णाकाठ:
काका, मनापासून आभार. चुंबकाला वाघ चिकटला! आईने पितांबरी ठेवून दिली. सोनाराकडच्या काट्यावर 1900 चा रुपया 11.5 भरला, म्हणजे थोडा झिजलेला. शिवरायांपैकी दोन दुदांडी दिसतायत, तिसरीवर रेघा नाहीत. उद्या उजेडात फोटो काढते. बहीण न्यू जर्सीला असते, तिला आठवण म्हणून एखादी पाठवली तर चालेल?

सह्याद्री_पुणे:
शिवराई नको, राणीछापही नको. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतात, खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. वाघाचा रुपया 1947 चा आहे, तो त्यात बसत नाही.

नाणेवेडा_नाशिक:
बरोबर. आणि ताई, ती तिसरी शिवराई मी बघेपर्यंत कुणाला देऊ नका. फोटो तिरप्या उजेडात काढा, अक्षरं उठून दिसतात.